अकरा महिन्यांच्या करारावर जंगल उभं राहत नाही

पेपरात अधूनमधून एक बातमी येते, ‘अमुक गावाला बाराशे हेक्टर जंगल’. सोबत फोटो असतो. जिल्हाधिकारी प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद गावकऱ्यांच्या हाती देतायत, मागे कापडी बॅनर, आणि पुढची माणसं कॅमेऱ्याकडे बघायचं की कागदाकडे या गोंधळात. ही बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक काका लिहितात, ‘संपलं, आता तोडून खाणार.’ दुसरे लिहितात, ‘बरं झालं, वनखात्याची कटकट गेली.’

दोघांचंही चुकतं. जमीन कुणाला वाटलेली नसते आणि वनखातंही कुठे गेलेलं नसतं. सरकारी जंगल राखायच्या, सुधारायच्या कामात एक गाव सरकारचा कायमचा भागीदार झालेलं असतं. यातला ‘कायमचा’ हा शब्द लक्षात ठेवा. सगळी मेख तिथे आहे.

## मुळात जंगल कुणाचं?

महाराष्ट्रात कागदोपत्री सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर वनजमीन आहे, म्हणजे राज्याचा पाचवा हिस्सा. बहुतेक सगळी सरकारच्या नावावर. हे नाव लागलं इंग्रजांच्या काळात. त्यांना रेल्वेच्या स्लीपरसाठी, बांधकामासाठी लाकूड हवं होतं, म्हणून जंगलं ‘राखीव’ झाली. १९२७ चा भारतीय वन अधिनियम, काही दुरुस्त्या सोडल्या तर, आजही लागू आहे.

जंगल राखीव झालं म्हणून आत आणि कडेला राहणारी माणसं कुठे गेली नाहीत. त्यांना सरपण लागायचं, घराला बांबू लागायचा, गुरांना चारा लागायचा. विदर्भात या रोजच्या गरजेला ‘निस्तार’ म्हणतात. फरक इतकाच झाला, की कालपर्यंत जो वहिवाटीचा हक्क होता, तो आता सवलत झाला. सवलत साहेबाच्या मनावर असते.

आता हे गणित बघा. मालक एक, तो राजधानीत. वापरणारे लाखो, ते जंगलाच्या दारात. मधे एक वनरक्षक, ज्याच्या वाट्याला कित्येक चौरस किलोमीटरचं रान. तो रोज सगळीकडे फिरू शकत नाही. गावाला सगळं दिसतं, पण थांबवायचा अधिकार नाही. बाहेरची टोळी येऊन सागवान नेते तेव्हा गाव खिडकी लावून घेतं. आपलं नाही ना, मग कशाला वाईटपणा घ्या.

## भाडेकरू खिळा का ठोकत नाही

शहरात अकरा महिन्यांच्या करारावर राहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. बाथरूमची भिंत ओलसर आहे, पापुद्रे पडतायत. तुम्ही बादली सरकवता, फार तर एक कॅलेंडर लावून डाग झाकता. वॉटरप्रूफिंग करून घेत नाही. तुम्ही आळशी आहात म्हणून नव्हे. खर्च आज, फायदा पाच वर्षांनी आणि त्या वेळी तुम्ही तिथे असाल याची कुणी हमी दिलेली नाही. त्याच जागेत पंचवीस वर्षं राहायचं ठरलं, की तोच माणूस रविवारी सकाळी गवंडी शोधायला निघतो.

जंगलाचा हिशेब याहून लांबचा. उजाड टेकडीवर चराई बंद केली आणि वणवा लागू दिला नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत आधी गवत दिसतं. जमिनीखाली जुनी मुळं जिवंत असतील तर त्यांना फुटवे येतात. डोळ्यांत भरेल असं रान व्हायला दहा-पंधरा वर्षं. सागाचं झाड तोडणीलायक व्हायला साठ-सत्तर वर्षं सहज लागतात, म्हणजे लावणारा ते बघतच नाही. इतक्या लांबच्या कामाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारा भागीदार चालत नाही.

## पहिला प्रयोग: समिती आली, हक्क नाही

सरकारला हे कळलं नव्हतं असं नाही. पश्चिम बंगालमध्ये मेदिनीपूरजवळ आराबारी इथे १९७० च्या दशकात एका वनाधिकाऱ्याने वेगळा डाव टाकला. सालवृक्षांचं जंगल तुटून झुडपं उरली होती. त्याने गावांना सांगितलं, तुम्ही राखा, तोडणीच्या उत्पन्नात पाव हिस्सा तुमचा. जंगल परत आलं. पुढे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांची गरज आधी असं म्हटलं आणि १ जून १९९० च्या परिपत्रकाने केंद्राने ही पद्धत देशभर न्यायला सांगितलं. तिचं नाव संयुक्त वनव्यवस्थापन. महाराष्ट्रात ती १९९२ पासून. ‘संत तुकाराम वनग्राम’ पुरस्कार मिळवणाऱ्या ज्या गावांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, ती याच व्यवस्थेतली.

काही गावांनी तीत खरंच देखणं काम केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रचना बघा. समिती गावाची, तिचा सचिव वनखात्याचा कर्मचारी. व्यवहार त्याच्या सहीने. सगळा डोलारा शासन निर्णयावर उभा, म्हणजे नवा शासन निर्णय आला की बदलणार. ज्या साहेबाच्या काळात गाव उत्साहाने राखणीला लागलं त्याची बदली झाली की पुढच्याला ते फाईलमध्ये शोधावं लागायचं. नाव भागीदारीचं होतं. व्यवहारात गावाला राखणदारी मिळाली, तीही ओव्हरटाइम न मागता करायची.

## २००६ च्या कायद्याने काय बदललं

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. याचा एक भाग सगळ्यांना माहीत आहे: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी कुटुंबं वनजमीन कसत होती, त्यांना कमाल चार हेक्टरपर्यंत वैयक्तिक हक्क. भांडणं, मोर्चे, फेटाळलेले दावे, बहुतेक बातम्या याच भागाच्या.

दुसरा भाग शांत आहे आणि माझ्या मते जास्त मोठा. तो म्हणजे सामूहिक वनहक्क. गाव पिढ्यानपिढ्या जे जंगल वापरत आणि राखत आलं, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था बघण्याचा हक्क पूर्ण ग्रामसभेला. सोबत गौण वनोपजाची मालकी. गौण वनोपज म्हणजे लाकूड सोडून जंगलातून जे निघतं ते: तेंदूपत्ता, मोह, मध, डिंक, हिरडा, आणि बांबूसुद्धा.

इथे ‘ग्रामसभा’ म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. पंचायतीत निवडून आलेले सात-नऊ सदस्य असतात. ग्रामसभा म्हणजे त्या गावातली, पाड्यातली किंवा टोल्यावरची सगळी सज्ञान माणसं. या कायद्याच्या कामासाठी निम्मी हजर हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. दावा ग्रामसभा करते, उपविभागीय समिती तपासते, जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समिती मंजूर करते. फोटोतला तो कागद इथून येतो.

## म्हणजे जमीन गावाच्या मालकीची झाली?

नाही. सातबारा डोळ्यांसमोर आणा. वर मालकाचं नाव असतं, आणि शेजारी एक रकाना असतो, ‘इतर अधिकार’. मालक तोच राहतो, पण त्या रकान्यात कुणाची नोंद झाली की तिला वगळून मालकालाही पुढे जाता येत नाही. सामूहिक वनहक्क साधारण तसा आहे. वर नाव सरकारचंच. ‘इतर अधिकार’ गावाचा, आणि तो वारशाने पुढच्या पिढीला जातो.

गावाला हे जंगल विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. लाकडाचा धंदा करता येत नाही. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा ठरावीक तेरा कामांसाठी जागा लागली तर एका कामाला एक हेक्टरहून कमी आणि हेक्टरी ७५ झाडांच्या आत, तेही ग्रामसभेच्या शिफारशीने. आणि हक्काबरोबर जबाबदारीही त्याच कायद्यात आहे: वन्यजीव, जंगल, पाण्याचे स्रोत जपायचे. ‘आमचं आहे, काहीही करू’ याला तिथे जागा नाही.

## एका पावतीसाठी दीड वर्ष

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. गावातले नेते देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबतीने काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावासोबत घेतली जातात. गावात निर्णय बहुमताने होत नाही. सगळ्यांचं जुळेपर्यंत बसायचं, कितीही बैठका होवोत. २००९ मध्ये शेजारच्या मर्दा गावाबरोबर मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. देशात पहिल्यांदा.

आणि गाडं तिथेच अडलं. गावाला बांबू विकायचा होता. जंगलातला माल बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, साधी पावती असते ती. पावतीपुस्तक वनखात्याकडे. खात्याचं म्हणणं, १९२७ च्या कायद्यात बांबू हे झाड, आणि झाड गौण वनोपजात येत नाही. गावाचं म्हणणं, २००६ च्या कायद्यात बांबू स्पष्ट लिहिलाय. वनस्पतिशास्त्र विचाराल तर बांबू हे गवत आहे, पण कचेरीत वनस्पतिशास्त्र चालत नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात जाऊन ग्रामसभेच्या हाती पावतीपुस्तक दिलं, तेव्हा बांबू हलला. पुढे २०१२ च्या नियमांनी परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडेच आणला.

हा किस्सा एवढ्यासाठी सांगितला, की भागीदारी कागदावर झाली तरी शिक्का कुणाच्या खणात आहे यावर ती चालते.

## बांबूच्या बेटात शिरून बघितलं तर

मुदतीने काय फरक पडतो, हे मला पुस्तकात नाही, एका बांबूच्या बेटापाशी कळलं. पूर्व विदर्भातलं एक गाव, सामूहिक हक्क मिळालेलं. सोबत सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांनी मला बेटाभोवती एक फेरी मारायला लावली.

बांबूचं बेट बाहेरच्या बाजूला वाढतं. जमिनीखालचा कंद पुढे सरकतो आणि पावसाळ्यात कडेला नवा कोंब येतो. म्हणजे कोवळ्या काठ्या बाहेर, जुन्या, पिकलेल्या मधोमध. तोडणाऱ्याला हाताला लागतात बाहेरच्या. काठीमागे मजुरी मिळत असेल, आणि पुढच्या हंगामात ठेकेदार आपल्याला दुसऱ्या रानात नेणार असेल, तर मधे घुसून, अंग खरचटून घेऊन जुनी काठी कोण काढेल? सपासप बाहेरच्याच तोडल्या जातात. कोवळे गेले की बेटाची वाढ थांबते, मधला गुंता सुकत जातो, आणि काही वर्षांत मधे काटक्यांचा गोळा उरतो. आजोबांनी तसलं एक बेट दाखवलं. ‘हे ठेकेदाराच्या टायमाचं,’ म्हणाले.

मग दुसरं दाखवलं. त्यात घोड्याच्या नालेसारखी एका बाजूने वाट केली होती. तिथून आत शिरायचं, मधल्या पिकलेल्या काठ्या बुडाशी, पहिल्या पेराच्या वर कापायच्या, कडेच्या कोवळ्यांना हात लावायचा नाही. वेळ दुप्पट लागतो, म्हणून ग्रामसभेने मजुरीचा दर जास्त ठरवलाय. तीन-चार वर्षांनी त्याच बेटाकडे परत यायचं. दर हंगामाला जंगलाचा वेगळा भाग.

कुऱ्हाड तीच आणि बहुधा माणसंही तीच. फक्त परत यायचं आहे हे आता त्यांना माहीत होतं.

## पण गाव जंगल खाऊन टाकणार नाही कशावरून?

ही शंका रास्त आहे. गावातली माणसं संत नसतात. शहरातली तरी कुठे असतात, सोसायटीच्या सिंकिंग फंडाचा हिशेब मागून बघा.

तरी काही गोष्टी घडलेल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव नावाचं गाव आहे, २०१२ मध्ये त्याला सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. गाव बांबू विकून कमावतं. तेंदूपत्ता मात्र त्यांनी बंद केला. तेंदूला कोवळी, मोठी पानं यावीत म्हणून झुडपं छाटतात, कित्येकदा जमिनीला आग लावतात. त्यात रान जळतं आणि तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, माणसांना मिळत नाहीत नि पाखरांनाही. मे महिन्यातली हातात येणारी रोकड सोडायची हा निर्णय बाहेरच्या कुठल्या पर्यावरणवाद्याने लादलेला नव्हता. जंगलाचा एक भाग त्यांनी देवराईसारखा, काहीच न काढता राखलाय.

अमरावतीत मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. तिथे हक्क मिळाला तो दोनशे हेक्टरांहूनही कमी आणि जवळपास उघड्या पडलेल्या जमिनीवर. गावाने चर खणले, बांध घातले, झाडं लावली, गुरं आवरली. पुढे त्याच जमिनीवरची सीताफळं गावाने विकायला काढली. फुकट मिळालेलं घनदाट जंगल राखणं सोपं असतं. उजाड टेकडी हाती देऊन ‘घे हक्क’ म्हणणं ही खरी परीक्षा, आणि या गावाने ती दिली.

उलट बाजूही सांगायला हवी. काही ग्रामसभांचा कारभार दोन-तीन कर्त्या पुरुषांच्या खिशात असतो. तेंदूच्या हंगामात ठेकेदार आगाऊ रक्कम देऊन करार करून घेतो आणि भाव पडला की शेवटचा हप्ता बुडवतो. सत्तर पानांचा एक पुडा, असे पुडे बांधत बाया पहाटेपासून राबलेल्या असतात. फळीवर, म्हणजे जिथे पानं मोजून घेतात तिथे, मोजणीत काटछाट होते. हक्काच्या कागदाने हे आपोआप थांबत नाही. गडचिरोलीतल्या कोरचीसारख्या तालुक्यात अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली, ती अशाच कारणांनी: एकट्या गावाला ठेकेदार गुंडाळतो, नव्वद गावांना गुंडाळताना दमतो.

शेजारच्या देशाचं उदाहरण नेहमी दिलं जातं, ते नेपाळचं. तिथे १९९३ च्या कायद्याने जंगलं गावगटांच्या ताब्यात जाऊ लागली. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या अभ्यासात १९९२ ते २०१६ या काळात तिथलं वनाच्छादन २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. सगळं श्रेय गावगटांना देऊ नये. तरुण परदेशी गेले, डोंगरातली शेती पडीक राहिली, तिथेही झाडं आली. पण ‘गावाच्या हाती गेलं की जंगल संपतं’ या भीतीला हे उदाहरण जड जातं.

## वाघांचं काय?

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं या कायद्याबाहेर नाहीत. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातल्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींचे सामूहिक हक्क २०११ मध्येच मान्य झाले. जिथे माणसाच्या वावराने वन्यजीवांचं भरून न येणारं नुकसान होतं असं शास्त्रीय रीतीने सिद्ध होतं, तिथे हक्क बदलण्याची किंवा पुनर्वसनाची वाटही कायद्यात आहे. पण आधी हक्क मान्य करायचे आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यायची. क्रम उलटा करायला मनाई आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळदा उलटाच झाला, हा वेगळा आणि कडू विषय.

## मग वनखात्याचं काम उरलं तरी काय?

पुष्कळ. वणवा विझवायची साधनं, रोपवाटिका, शिकाऱ्यांच्या टोळीवर कारवाई, नकाशे, झाडांची शास्त्रीय मोजणी, हे गावाला एकट्याने जमणारं नाही. नियम असं सांगतो, की गावाने आपला व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो खात्याच्या आराखड्याशी जोडून घ्यायचा, पण जोडताना काय बदलायचं हे गावाची समिती ठरवणार. वाक्य छोटं आहे. खटके याच वाक्यावर उडतात. २०२५ मध्ये छत्तीसगडच्या वनखात्याने सामूहिक वनहक्काच्या कामात मुख्य यंत्रणा आपणच असं पत्र काढलं, गदारोळ झाला आणि पत्र मागे घ्यावं लागलं.

खात्यातल्या माणसांची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. शंभर वर्षं ज्याला ‘राखायला’ शिकवलं, त्याला एका सकाळी ‘सल्ला द्या’ म्हटलं तर गडबडणारच. मला भेटलेल्यांतले काही वनरक्षक गावाशी छान जुळवून घेतात. त्यांना हायसं वाटतं, की रात्री दोन वाजता वणव्यामागे धावायला आता पन्नास जण आहेत.

## हक्क कायमचा, पैसा ३१ मार्चचा

आता माझी खरी तक्रार. हक्काची मुदत सुटली, पण पैशाची नाही सुटली.

गावाला हक्क मिळतो तेव्हा जंगल चांगलं असेल तर बांबू, तेंदूवर ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. त्यासाठी आधी ग्रामसभेचं बँक खातं, पॅन, जीएसटी, हिशेब ठेवणारं कुणी तरी, हे सगळं लागतं आणि त्याचं शिक्षण कुणी फारसं देत नाही. पण जंगल उजाड असेल तर पहिली दहा वर्षं उत्पन्न शून्य आणि खर्च रोजचा. हा खर्च कुठून यावा? रोजगार हमीतून, आदिवासी विकास विभागातून, वनखात्यातून, अशा वेगवेगळ्या झऱ्यांचं पाणी एका पाटात आणायचं, याला सरकारी भाषेत अभिसरण म्हणतात. कल्पना उत्तम. पाट मात्र आर्थिक वर्षाच्या बांधाला येऊन अडतो.

एका गावात मी बघितलं. लागवडीचा निधी मंजूर झाला पावसाळ्याआधी आणि खात्यात पडला फेब्रुवारीच्या अखेरीला, ‘३१ मार्चपूर्वी खर्ची टाका’ या ताकिदीसह. भर उन्हात खड्डे खणले, रोपं लावली, फोटो काढले. जूनमध्ये मी गेलो तेव्हा खड्ड्यांच्या रांगा सुरेख दिसत होत्या, एका ओळीत. रोपं नव्हती. गावाला विचारलं असतं तर पोरासोरांनीही सांगितलं असतं, की आगोटीला, पावसाच्या तोंडावर लावा.

पैसा नाहीच असं नाही. एखादा प्रकल्प वनजमीन घेतो तेव्हा भरपाई भरतो, ती भरपाई वनीकरण निधीत साठते. २०१९ मध्ये केंद्राने यातले ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना दिले. हा निधी मुख्यतः वनखात्यामार्फत खर्च होतो. ज्या ग्रामसभांकडे जंगलाची कायदेशीर व्यवस्था आहे, त्यांना यातला ठरलेला वाटा हक्काने मिळावा अशी सोय नाही. २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या, आदिवासी गावांसाठीच्या केंद्राच्या ‘धरती आबा’ अभियानात सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापनाला मदत धरली आहे, हे चांगलंच. अभियान पाच वर्षांचं आहे. पाच वर्षांत उजाड टेकडीवर गवत येतं.

## कंपन्यांनीच झाडं लावली तर?

हा मार्गही चालू आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिटचे नियम आणले. कंपनीने निकृष्ट वनजमिनीवर लागवडीसाठी पैसे द्यायचे आणि बदल्यात गुण कमवायचे. २०२४ च्या पद्धतीत लागवड दोन वर्षांत उरकायची आणि झाडामागे एक गुण. शाळेत रोपटं लावून फोटो आणला की गुण मिळतात, साधारण त्याच जातीचं. टीका झाली, आणि २०२५ मध्ये पद्धत बदलली: आता किमान पाच वर्षं सांभाळल्यावर आणि झाडांचं छत्र निदान ४० टक्के झाल्यावरच गुण.

सरकारला स्वतःच मुदत वाढवावी लागली, हे मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. तरी एक प्रश्न राहतोच. ‘निकृष्ट’ म्हणून नोंद झालेली जमीन कित्येकदा गावाची चराईची किंवा निस्ताराची असते. तिथे कुंपण पडलं की शेळ्या कुठे न्यायच्या, हे गुणांच्या कोष्टकात नाही.

## खाण आली तर हा कागद टिकतो?

सामूहिक हक्क असलेलं जंगल दुसऱ्या कामासाठी घेताना ग्रामसभेचं म्हणणं घ्यावं लागतं. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. खाण झाली नाही.

दर वेळी असं होत नाही. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी, केंद्राची मंजुरी देताना ग्रामसभेची संमती झाली आहे का हे बघण्याचं काम राज्यावर सोपवलं. म्हणजे वरून हिरवा कंदील आधी, आणि गावाला विचारणं नंतर. ठरून गेलेल्या लग्नात मुलीला ‘पसंत आहे ना’ विचारावं, तसं. कागद टिकतो, पण तो धरून ठेवायला वकील, मोर्चे आणि वर्षं लागतात. आणि ज्या गावाचा दावाच अजून तालुक्याच्या कपाटात आहे, त्याच्या हातात तेवढंही नाही.

## पुढची तीस-चाळीस वर्षं

त्या आजोबांकडे पुन्हा जातो. विदर्भातल्या या बांबूला फुलोरा येतो साधारण तीस-चाळीस वर्षांनी एकदा, आणि मोठ्या पट्ट्यात जवळपास एकाच वेळी. फुललं की बेट मरतं. बी जमिनीवर सांडतं, पावसात गवतासारखे हिरवे कोंब उगवतात. तेव्हा गुरं आत शिरली किंवा एक वणवा लागला, तर पुढच्या पिढीचा बांबू गेला. काठी कापण्याजोगी व्हायला आठ-दहा वर्षं. तेवढा काळ बांबूचं उत्पन्न नाही, राखण मात्र दुप्पट.

आजोबांनी एक फुलोरा पोरपणी पाहिला होता, दुसरा म्हातारपणी. पहिल्या वेळी, म्हणाले, गाव नुसतं बघत राहिलं, रान सरकारचं होतं. दुसऱ्या वेळी ग्रामसभेने फुललेल्या पट्ट्यात चराईबंदी केली आणि उन्हाळ्यात रोज रात्री चार जणांची पाळी लावली. त्यांचा नातूही त्या पाळीत होता. आम्ही उभे होतो तिथे बेटं कमरेएवढी झाली होती. ‘कधी तोडायची?’ मी विचारलं. आजोबांनी नातवाकडे बोट केलं, ‘त्याला विचारा.’